हात पुरत नाही

“...पण हातच आखूड आहेत माझे, त्याला मी काय करू?”

कड्याच्या माथ्यावरून आलेल्या दोराला लोंबकळत निरंजननं विचारलं. खाली दोराचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या यमुनाताई घारेंनी डोळे मिटून घेतले. हाच प्रश्न त्यानं सकाळी विचारला होता. काल विचारला होता. परवाही.

“खाली ये,” त्या म्हणाल्या.

यमुनाताईंचं सगळं आयुष्य सह्याद्रीतले सुळके चढण्यात गेलं होतं. साठी उलटली तरी ताठ. ताडमाड उंची, आणि हात असे लांब की उभ्या उभ्या गुडघ्याला टेकतील की काय, असं वाटावं. त्यांच्याकडे शिकायला लांबलांबून पोरं येत.

निरंजन त्यातलाच. अंगानं काटक, पण बुटका. शाळेच्या कवायतीत कायम पहिल्या रांगेत उभा राहिलेला. जिद्द दांडगी, आणि अभिमान त्याहून दांडगा.

या कड्यावर तो दिवाळीपासून अडला होता. अर्ध्या उंचीपर्यंत सुरेख जायचा. तिथे एक रुंद पायरी. पायरीवर उभं राहून हात वर ताणला, की कातळात एक खोल खोबण. यमुनाताई ती सहज धरत आणि पुढे जात. निरंजन ताणत राही, चवड्यांवर उभा राही, शेवटी उडी मारी... आणि दोराला लटके.

हा कडा चढल्याशिवाय मोठ्या सुळक्यावर सगळ्यांच्या पुढे दोर घेऊन चढायला मिळणार नाही, असं ताईंनी बजावलं होतं. त्या सुळक्याची मोहीम तोंडावर आली होती.

निरंजन खाली आला. दोराची गाठ त्यानं रागानं ओढून सोडली.

“मी घरी मापून बघितलं, ताई. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरले. बाकीच्यांचे हात उंचीपेक्षा जास्त भरतात. माझे उंचीएवढेसुद्धा नाहीत.”

“बरं.”

“बरं काय? हे शरीरच चढायचं नाही.”

“पुन्हा चढ.”

“पुन्हा चढून हात वाढणार आहेत का?”

“नाही.”

“मग?”

ताईंनी दोराचं टोक पुन्हा त्याच्यापुढे धरलं.

निरंजनचा तोल सुटला. “तुम्हाला काय कळणार हो! देवानं हे एवढे हात दिलेत तुम्हाला. तुम्ही कधी अडलात का त्या पायरीवर? एकदा तरी?”

बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला. एवढ्या मोठ्या बाईशी असं कुणी बोलत नसे.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. मग कड्याकडे.

“दोर धर,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या कमरेला दोर बांधू लागल्या.

पायरीपर्यंत त्या नेहमीसारख्या गेल्या, घाई नाही, धाप नाही. खोबण त्यांच्या डोक्यावर होती. हात उचलला असता तर काम झालं असतं.

त्यांनी हात उचलला नाही.

पायरीच्या उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, कातळाची एक बारीक कड पुढे आली होती. जेमतेम पायाचा अंगठा मावेल एवढी. ताईंनी पाय उचलून त्या कडेवर ठेवला. गुडघा कातळावर आपटला, अंग मागे ढकललं गेलं, आणि ताई सुटल्या. दोर ताणला. निरंजननं कसाबसा सावरला.

“ताई! लागलं का?”

ताई पुन्हा पायरीवर. पुन्हा तोच पाय, तीच कड. पुन्हा सुटल्या.

“ताई, खोबण डोक्यावर आहे तुमच्या!”

पुन्हा तेच. आता गुडघा सोलवटला होता.

निरंजनला राहवेना. “अहो, हात वर करा ना! काय चाललंय हे?”

“समज, हात पुरत नाही.”

“पुरतोय की! आणि त्या कडेचा नाद सोडा. तुमची तंगडी केवढी, ती जागा केवढी! गुडघा मधे येतोय, दिसत नाही का? तिथे उकिडवं बसता आलं पाहिजे. तिथे पाय टाकायचा तर माणूस माझ्याएवढा...”

तो थांबला.

ताई दोरावर हळूहळू गोल फिरत होत्या.

“तुझ्याएवढा... काय?” त्यांनी वैतागून विचारलं.

निरंजननं त्यांना खाली घेतलं. दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

पायरीवर पोचल्यावर सवयीनं त्याची नजर वर खोबणीकडे गेली. ती त्यानं मुद्दाम खाली आणली. पाय उचलून कडेवर ठेवला. गुडघा छातीला चिकटला, पण कातळाला लागला नाही. टाच कुल्ल्याखाली सरकली. घसरला, लटकला. शिवी हासडली. पुन्हा चढला. या वेळी त्या कडेवर तो खरोखरच उकिडवा बसला, विहिरीच्या काठावर बसावं तसा. मग तळहात कातळाला टेकून हळूच उठला...

खोबण त्याच्या तोंडासमोर होती.

त्यानं ती धरली, आणि उरलेला कडा कधी संपला ते त्याला कळलंही नाही.

माथ्यावर पोचून त्यानं आरोळी ठोकली. पण खाली उतरेपर्यंत आनंदाची जागा रागानं घेतली होती. दिवाळीपासून! ताई जिथे हात ठेवतील तिथे हात, जिथे पाय तिथे पाय. रात्री झोपेतसुद्धा त्यांच्यासारखं चढायचं.

ताई एका दगडावर बसून गुडघ्याचं रक्त रुमालानं टिपत होत्या.

“ताई, एवढे महिने मी तुमची नक्कल करत मेलो. हे असं चढायचं, ते आधीच का नाही शिकवलंत मला?”

ताईंनी कपाळाला हात लावला.

“अरे बाबा, मला कुठे येतं?”