न फुटलेला दरवाजा

हत्ती माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. रणधवल राजाने मुलूखच्या मुलूख जिंकले, ते डोंगऱ्या हत्तीच्या कपाळाच्या जोरावर. किल्ल्यांच्या दरवाज्यांवरचे खिळे झेलून झेलून त्या कपाळाची चाळण झाली होती.

शेवटचा किल्ला उरला. त्याच्या पायथ्याशी ज्वारी कणसांनी वाकली होती. डोंगऱ्याने सोंड पुढे केली, तोच राजा त्याच्या पाठीवरून खाली उतरला आणि फौजेला बांधाच्या काट्याकुट्यांतून नेऊ लागला.

डोंगऱ्या फुरंगटला. "महाराज, दरवाजे मी फोडायचे आणि कणसाला तोंडही लावायचं नाही? कसलं हे जिंकणं?"

"उद्या ही माणसं आपलीच ना?" राजा म्हणाला. "मग आज त्यांचं पीक कशाला तुडवायचं?"

तटावरचे शिपाई सारं पाहत होते. खालची शेतं त्यांचीच होती.

दरवाज्यासमोर डोंगऱ्याने डोळे मिटले, मान खाली घातली आणि धाव घेतली. धडक बसलीच नाही! दरवाजा सताड उघडा होता, आत चौघडा झडत होता आणि एक म्हातारी कणसांची पेंढी घेऊन उभी होती.

"वाक रे जरा," ती म्हणाली, आणि त्या जुन्या जखमांवर तिने कुंकू लावलं.