गुणाजी एक अक्षर गाळत नाही

गावाचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. पण त्या गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस होता, आणि दूध संस्थेचा कम्प्युटर त्याच्या ताब्यात होता.

हा कम्प्युटर रोज सकाळी ऐन गर्दीत बंद पडायचा. माप थांबायचं, रांग थांबायची. दूध मात्र नासायचं थांबत नसे. शेवटी जिल्ह्याच्या दूध संघाने बजावलं, आठ दिवसांत कारण कळवा, नाहीतर गावातलं दूध केंद्र बंद. केंद्र गेलं की गुणाजीची नोकरीही गेलीच.

संघातल्या मुजावर मॅडमनी त्याला फोनवर समजावलं. बंद पडताना कम्प्युटरच्या डोक्यात जे काही असतं, ते तो वायरीतून संघाच्या कम्प्युटरकडे पाठवतो. त्यावरून त्याचं दुखणं कळतं. म्हणून घाई करायची नाही. सगळं बाहेर येऊ द्यायचं, मग उठवायचं. गुणाजीला हे मनापासून पटलं.

त्याच संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायजाक्कांची दुधाची किटली कलंडली. लोक धावले, तर गुणाजी हात पसरून आडवा उभा. म्हणाला, "थांबा. सगळं भाईर येऊ दे, मग उठवू." सगळं बाहेर आलं. मग त्याने रिकामी किटली नीट उभी केली.

संस्थेचे चेअरमन रंगराव यांनी त्याची चांगली खरडपट्टी काढली. असं काही झालं की आधी तोंड दाबायचं, थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं बजावलं. हेही गुणाजीला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कम्प्युटर बंद पडला. गुणाजीने झेप घेऊन वायर उपटली आणि तो भोकावर अंगठा दाबून दोन तास बसून राहिला. मॅडमचा फोन आला तेव्हा त्याने अभिमानाने सांगितलं, थेंबही बाहेर गेलेला नाही.

मॅडमनी त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मग म्हणाल्या, "गुणाजी, बंद पडणाऱ्याचं एकेक अक्षर मला हवंय. एकही गाळायचं नाही. मध्ये कुणी आलं तर ऐकायचं नाही, चेअरमन असले तरी."

नंतरचे दिवस कम्प्युटर बंद पडलाच नाही. वैऱ्यासारखा नेमका तेव्हाच धडधाकट राहिला. आठव्या दिवशी संघाचं पत्र आलं, उद्यापासून केंद्र बंद. ते वाचता वाचता रंगरावांना घेरी आली आणि ते खुर्चीतच कोसळले.

बायजाक्का पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. गुणाजीने तांब्या काढून घेतला आणि तो कम्प्युटरसमोर बसला. रंगराव डोळे मिटून बरळत होते, गुणाजी टाइप करत होता. संघानं दिलेलं नवं मशीन जावयाच्या दुकानात... हितं त्याचं जुनं बसवलंय... तापतंय, म्हणून बंद पडतंय... रंगराव गप्प झाले तेव्हा गुणाजीने सगळं संघाला पाठवून दिलं आणि मग त्यांच्या तोंडावर पाणी मारलं.

"उठा चेअरमनसाहेब. सगळं पोचलं."

"काय पोचलं?"

"तुमच्या डोक्यातलं."

तेवढ्यात पडद्यावर मॅडमचं उत्तर आलं. कारण सापडलं, केंद्र चालू राहील, आणि मशीन आणायला गाडी जावयाच्या दुकानाकडे निघाली आहे. संघाला त्या गावातून गेलेला हा पहिलाच खरा अहवाल होता.

रंगराव ताडकन उठले. गुणाजीला, मॅडमना, संघाच्या अध्यक्षांना, अध्यक्षांच्या सात पिढ्यांना ते तोंडाला येईल ते बोलू लागले.

गुणाजीने घाईघाईने कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला.

"जरा सावकाश, साहेब," तो म्हणाला. "एक अक्षर गाळायचं न्हाई."