नदी पिणारा राक्षस आणि उकड्या गव्हाची कोशिंबीर

एकदा काय झालं, तळकुंभ नावाच्या गावात एक नवी सून आली. तिचं नाव भिवरा. लग्नात रुखवत मांडतात ना, त्यात कुणाच्या मुलीबरोबर लाडू येतात, कुणाबरोबर चकल्या आणि अनारसे. भिवराबरोबर काय आलं असेल? भरडलेल्या गव्हाची सात पोती! तिच्या माहेरची रीतच तशी. गहू उकडायचे, अंगणात खडखडीत वाळवायचे आणि जात्यावर जाडसर भरडून ठेवायचे. तळकुंभच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "काय गं, कोंबड्यांचा खाऊ आणला का सूनबाईंनी?" सासू गोदाक्का शरमेनं लाल झाली. तिनं पोती माळ्यावर टाकली, आणि भिवराला चार शब्द सुनावले ते वेगळेच. भिवराला फार लागलं ते.

मग आला श्रावण. श्रावणात शिळासप्तमी येते, बरं का. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. बिचारी वर्षभर आपल्यासाठी तापते, एक दिवस तिला विसावा. तिला सारवायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि आदल्या दिवशी रांधलेलं गार जेवायचं. त्या गावात असं होतं, की सप्तमीला कुणी चूल पेटवली तर विस्तव रुसायचा. आणि एकदा रुसला की गावच सोडून जायचा, कायमचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. राक्षसालाही!

हो, राक्षस! डोंगरापलीकडे राहायचा, नाव ढेरपोट्या. लबाड कसला, नेमका सप्तमीच्या सकाळी आला. नदीकाठी फतकल मारून बसला, पाण्याला तोंड लावलं आणि गट् गट् गट् आख्खी नदी पिऊन टाकली. मासेसुद्धा गेले पोटात.

मग म्हणाला, "मला जेवायला वाढा. ताजं हवं, आजचं हवं, आणि पोट गच्च भरायला हवं. भरलं तर नदी तुमची. दिवस मावळेपर्यंत नाही भरलं, तर नदी घेऊन मी हा चाललो!"

झालं! गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पाटलीणबाईंनी आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्यांची टोपली आणली. राक्षसानं हुंगली नि भिरकावली. "शिळं!" मग माळीणबाईंनी काकड्यांची गाडी रिती केली. राक्षसानं कराकरा चावल्या. "दात घासून झाले. आता जेवण आणा!"

मग गोदाक्काचं डोकं फिरलं. ती तरातरा घरात गेली आणि चकमक घेऊन चुलीपाशी बसली. ठिणगी पडायच्या आत गावातल्या साऱ्या चुली थरथरायला लागल्या. राक्षस तिकडं खदाखदा हसला. त्याला तेच तर हवं होतं! पाणी त्याच्या पोटात, आणि विस्तवही गेला की गाव आपोआप उठलं.

भिवरानं धावत येऊन सासूचं मनगट धरलं. नव्या सुनेनं, बरं का! सगळ्या बायका दारात गोळा झाल्या. पण तिनं हात सोडला नाही.

"सासूबाई, चूल नको. माझे गहू उकडलेलेच आहेत. त्यांना विस्तव लागत नाही, नुसतं पाणी लागतं."

"अगं पण पाणी आहे कुठं?"

घरोघरी सकाळचे हंडे तेवढे भरलेले होते. भिवरानं घराघरातून एकेक तांब्या मागितला. मग माळ्यावरून सातही पोती उतरवली, पराती मांडल्या, गव्हावर पाणी शिंपडलं. मग बायका विळ्या घेऊन बसल्या. कुणी परसातली कोथिंबीर आणली, कुणी न्हाणीमागचा पुदिना. मळ्यात उरलेल्या काकड्या आणून बारीक चोचवल्या. हिरव्या मिरच्या, दाण्याचं कूट, घाण्याचं कच्चं तेल, आणि लिंबं तर इतकी पिळली की बायकांची बोटं चुरचुरली. काय घमघमाट सुटला म्हणून सांगू!

"मीठ शेवटी हं," भिवरा म्हणाली. "आत्ता घातलं तर काकडीला पाणी सुटेल, आणि दाणे ते पिऊन बसतील."

"आणि फोडणी गं?"

"आज फोडणीला सुट्टी."

गोदाक्कानं एक दाणा चावून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं सूनबाई, पाणी कमी पडलं. दाणा अजून भिजलाच नाही की!"

भिवरा हळूच म्हणाली, "असू द्या. आपल्याकडं पाणी कमी आहे. त्याच्या पोटात आख्खी नदी आहे."

मग एकेक परात राक्षसापुढं आली. पहिली परात त्यानं नाक मुरडत खाल्ली. दुसरी मान डोलवत. तिसऱ्या परातीला तर बोटं चाटायला लागला. "आणा, आणा! ताजं आहे. आजचं आहे. पण माझं पोट कसलं भरतंय!" सातच्या सात पोती संपली. सूर्य डोंगराला टेकला. राक्षस हात झटकून उठायला लागला. "नाही भरलं! मी चाललो!"

आणि त्याच्या पोटात झालं गुडगुड.

आत गहू नदी पीत होते, बरं का! एक दाणा फुगला, दुसरा फुगला, हजार फुगले, लाख फुगले. पोट रांजणाएवढं झालं. मग खोलीएवढं झालं. मग देवळाच्या घुमटाएवढं झालं. तट्कन करदोटा तुटला.

"अगं आई गं!" राक्षस विव्हळला.

भिवरा कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभी राहिली. इवलीशी पोर ती, पण आवाज काय खणखणीत! "पोट भरलं का?"

"भरलं!"

"गच्च?"

"गच्च गं बाई, गच्च!"

"मग नदी दे आमची."

"नाही" म्हणायला राक्षसानं तोंड उघडलं मात्र, आणि फुगलेल्या दाण्यांच्या रेट्यानं धो धो धो, नदी बाहेर! मासे टणाटण उड्या मारत आपापल्या डोहात पडले. रिता झालेला राक्षस पोट धरून जो पळाला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

बायकांनी भिवराला खांद्यावर घेतलं. ढोल वाजले, हलगी वाजली. तिला हसलेल्या बायका सर्वांत जोरात नाचत होत्या, माणसं अशीच असतात. गोदाक्का मात्र नाचली नाही. ती रडत होती. तिनं भिवराला खाली उतरवलं, साऱ्या गावादेखत पोटाशी धरलं आणि म्हणाली, "चुकले गं मी. पोरी, पुढच्या सुगीला ही रीत मला शिकव. माझ्या घरातले सगळे गहू तुझ्या हातचे."

आणि पुढच्या सुगीला तळकुंभच्या एकूण एक अंगणात उकडे गहू वाळत पडले. सासू राखण करत बसली, सून भरडत बसली, गाव सुखानं नांदलं. चला, संपली गोष्ट. पाय पसरा, डोळे मिटा. आणि आता कुणी "पाणी हवं" म्हणून उठलं ना, तर बघा!