साहेबांच्या कोटावरची ओली रेघ

नदीचा तळ पाठ असलेला नावाडी केरबादादा उथळ पाण्यात बुडालाच कसा, असं त्याच्या होडीवरचा जोडीदार म्हादू घाटावर ज्याला त्याला विचारत होता.

गेल्याच वर्षी दादाची होडी बंद करायला तालुक्याचे उंचेपुरे साहेब आले होते. "कागदावर इथलं पाणी उथळ आहे. पोरं चालत शाळेत जातील!"

"मग तुम्हीच आधी जाऊन दाखवा की, साहेब," दादा म्हणाला.

साहेब ऐटीत पलीकडे जाऊन आले. दादाने पहिलीतल्या सोनीला त्यांच्याशेजारी उभं केलं. कोटावरची ओली रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती.

"आता सांगा साहेब, उथळ कुणाला?"

अख्खा घाट हसला. होडी राहिली.

दहाव्याला म्हादूने दादाच्या होडी ढकलायच्या बांबूला सोनीच्या छातीइतक्या उंचीवर लाल चिंधी बांधली. "ही बुडाली की होडीनंच जायचं, पोरी," असं बजावून त्याने तो बांबू दादा बुडाला तिथंच रोवला.