एका कातीचे नव्वद दिवस

खरं तर ही गोष्ट बाहेर सांगायची नव्हती. त्या राज्यात थंडी फार होती आणि ऊबदार दगड थोडे होते. सगळे दगड एका गोदामाच्या मालकीचे होते आणि गोदामात साप काम करत.

सापांना हात नसतात, हे त्यांना कामावर घेताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते गाठोडी कपाळाने ढकलत. नेमणूक अर्धवेळ असल्यामुळे प्रत्येकाने अर्धंच अंग आत आणायचं आणि उरलेलं उंबऱ्याबाहेर ठेवायचं, असा नियम होता. अख्खा साप आत आला असता तर तो पूर्णवेळ ठरला असता. म्हणून त्या गोदामाला भिंतींपेक्षा दारंच जास्त होती.

तिथेच काम करणाऱ्या तरुण दिवडीच्या आईने अशीच वर्षं काढली होती. बाहेर राहून राहून तिचं मागचं अर्धं अंग लाकडासारखं झालं होतं. यंदाची थंडी ती दगडाशिवाय काढणार नाही, हे दोघी मायलेकींना माहीत होतं. सलग नव्वद दिवस टिकणाऱ्याला कायमचा दगड मिळे, आणि शेजारी एका नातेवाइकापुरती जागा.

नव्वद दिवस काही फार नव्हते. पण हजेरी कातीवर लागे. मुकादम कासव कातीवरचे ठिपके पाहून नाव लिही. कात बदलली की जुन्या नावापुढे ‘सोडून गेली’ आणि खाली ‘नवीन’. तरुण साप वाढतात, त्यामुळे तेच जास्त सोडून जात. दिवडी आतापर्यंत चार वेळा सोडून गेली होती.

“मुकादम, मीच ती,” तिने सांगून पाहिलं.

“तीच असतीस तर तशीच दिसली असतीस. आजकालची पोरं टिकतच नाहीत. मला बघ, जन्मापासून एका कवचात आहे.”

“पण तुम्ही काढतो म्हणालात तरी निघणार आहे का ते?” शेजारच्या दारातला कवड्या म्हणाला. पुढच्याच आठवड्यात तो सोडून गेला आणि त्याच दुपारी नवीन लागला.

पाचव्या खेपेला दिवडीने वाढायचंच नाही असं ठरवलं. समोरून बेडूक गेला की ती मान वळवून घेई.

“अगं, एखादं तरी खा,” आई म्हणे.

“नको आई. मोठी होईन मी.”

साठाव्या दिवशी कात अंगाला काचू लागली. ऐंशीव्या दिवशी डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला आणि ती अंदाजाने ढकलू लागली.

“डावीकडे गं, डावीकडे!” कवड्या ओरडला. “ते गाठोडं नाही, मुकादम आहेत!”

नव्वदाव्या सकाळी, हजेरीला थोडाच वेळ उरलेला असताना, तिच्या नाकावर टचकन आवाज झाला. दिवडीने श्वास रोखला. कवड्यानेही रोखला. पण अंग कुणाला न विचारता वाढलंच होतं. मग ती इतक्या सावकाश बाहेर आली की कात कुठेही फाटली नाही. कात दिवडीच्या जागेवर, दिवडीच्याच वळणात, अखंड पडून राहिली.

मुकादम आला. “दिवडी!”

वाऱ्याने कात सळसळली. मुकादमाने ठिपके ताडून पाहिले, खूण केली आणि त्याचे डोळे भरून आले. “शाब्बास पोरी. टिकलीस.”

“मुकादम, मी इकडे—”

“तू नवीन ना? बरं झालं आलीस, हात कमीच पडतायत. चल, हिला आधी दगडावर पोहोचव.”

आईला चौघांनी आणून दगडावर ठेवलं होतं. दिवडीने कात दातांत हलकेच धरून नेली आणि आईशेजारी पसरली. खालून ऊब येत होती. आईच्या शेपटीचं टोक जरासं हललं. तिने कातीकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं आणि अंग चोरून घेतलं.

“ये ना, मावशील तूही.”

“आई, जागा दोघींचीच—”

“ए नवी!” मुकादमाने हाक मारली. “वारा सुटलाय. उडून जाईल ती. जपून ठेव, आमची एवढी एकच टिकली आहे.”

दिवडीने आजूबाजूला पाहून एक खडा शोधला आणि आपल्याच जुन्या शेपटीवर ठेवला.