कोल्होबाचा नारळ

झाडंसुद्धा भांडायची त्या काळातली ही गोष्ट. रानाच्या कडेला एका झऱ्यावर जुनी वस्ती सुखानं नांदत होती. मग कोल्होबा तिथं नवी बिळं विकू लागला. दर बिळाच्या भूमिपूजनाला नारळ फुटायचा, झरा मात्र तेवढाच राहिला.

एका सकाळी साळूबाई साळिंदरीच्या पिलांना नुसता चिखल चाटावा लागला. शेजारी नव्या सशिणीच्या अंगावर धावून गेले, तशी साळूबाई कडाडली, "तिला काय धमकावता? तिला बीळ विकणाऱ्याला धरा!"

कोल्होबा पुढचा नारळ फोडत हसला. "पाण्याचं बघू हो नंतर."

साळूबाईचे काटे ताठ झाले. तिनं नारळाचं भकल हिसकावून सगळ्यांपुढे धरलं. तळाशी घोटभर पाणी हिंदकळत होतं.

"बघून घ्या! ह्या मेल्यानं आजवर वस्तीत आणलेलं पाणी एवढंच!"