तुळईतली भोकं

“भिंत घालू की नको? एकदाचं सांगून टाका, फादर!”

जाईल्स तरुण पाद्री. इंग्लंडातल्या त्या आडगावात येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात पोरगा पार पिचून गेला होता. बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं. भिंत मिळाली तर राहणार, नाहीतर दुपारच्या घोडागाडीनं गाव सोडणार.

म्हातारे फादर अ‍ॅम्ब्रोस शेकोटीपाशी हात शेकत होते. पाद्र्यांच्या या जुन्या घरात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

“कशाला रे हवी भिंत?”

“कशाला? हे काय घर आहे! एकच लांबलचक दालन, मधोमध शेकोटी आणि समोरासमोर दोन दारं. अख्खं गाव इथून ये-जा करतं. काल प्रार्थनेला बसलो, तर नाकासमोरून कुणाची तरी बदकं गेली! स्वयंपाकीणबाईच्या खोलीला बाहेरून वेगळं दार आहे. तिला निवांतपणा, आणि मी एवढा शिकलेला, मला नाही!”

फादर हसले. तेही दमल्यासारखेच.

“माझ्यात आता काही उरलं नाही हो.” जाईल्सचा आवाज चिरकला. “कुणाचं मूल आजारी, कुणाचं नवऱ्याशी भांडण... ऐकून ऐकून जीव नकोसा झालाय.”

“हं...”

“आणि भिंत घालणारा मी काही पहिला नाही.” त्यानं वर बोट दाखवलं. धुरानं काळ्याकुट्ट झालेल्या तुळईच्या खालच्या अंगाला एका ओळीत चौकोनी भोकं होती. “तिथं भिंतीचे खांब बसवलेले होते. कुणीतरी शहाणा राहून गेलाय इथं!”

“शहाणा कसला, मीच तो. तुझ्याच वयाचा होतो.”

जाईल्स आ वासून बघतच राहिला.

“मग... पाडली कुणी?”

“तीही मीच.”

“का? लोकांनी तक्रार केली?”

“छे! बिचारे यायचेच थांबले.”

“मग बरंच झालं की!”

फादर गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठले. कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक खांब उचलून त्यांनी जाईल्सच्या हातात दिला.

“त्याच भिंतीतला. बाकीचे सरपणात गेले. हवा तर लाव.”

खांब हातात घेऊन जाईल्स उभा राहिला. वर भोकांकडे बघत म्हणाला,

“पण फादर, भिंत होती तेवढे दिवस विसावा तरी मिळाला ना?”

“दमणूक तेवढीच राहिली रे... नुसती एकट्याची झाली.”